औषधांच्या कारखान्यांतील एंजिनियर

ठाकूरद्वारच्या एखाद्या दुकानांतून औषधाच्या गोळ्या घेणारा गृहस्थ त्यांची किंमत पाहतो, मुदत पाहतो. परंतु पहिली गोळी व लाखावी गोळी एकसारखीच निघाली असेल ना, हा प्रश्न त्याच्या मनांत क्वचितच येतो. ती एकसारखी निघेल अशी तजवीज करणें, हाच औषधनिर्मितीच्या एंजिनियरचा व्यवसाय होय.

रसायनशास्त्रज्ञ चंबूंत जें पेलाभर सिद्ध करतो, तेंच मोठ्या टाकींत करूं जातां उष्णता सांचते व ढवळणें अपुरें पडतें. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. ज्या बुरशीपासून तें निघतें, तिला सतत हवा लागते. पण त्या हवेबरोबर परका जंतु आंत शिरला तर सारी टाकी फुकट जाते. हवा गाळणें, नळ वाफेनें निर्जंतुक करणें, उष्णता आवरणें, हीं सारीं एंजिनियरचीं कामें.

येथें हयगयीची किंमत प्राणांनीं मोजावी लागते. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं, परळच्या प्रयोगशाळेंतून गेलेली प्लेगची लस टोंचल्यावर १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका डॉ. हाफकिन यांच्यावर आला. परंतु बाटली उघडतांना जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करतांच वापरला गेला होता, असें पुढें दिसून आलें, व १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. १९८६ सालीं आपल्याच मुंबईंत, जे. जे. रुग्णालयांत, विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलें ग्लिसरीन पोटांत जाऊन १४ रोगी मृत्यु पावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. पहिल्या प्रसंगीं हात चुकला, दुसऱ्या प्रसंगीं पारख चुकली.

या विद्येसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं काढलेला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आज माटुंग्यास स्वतंत्र संस्था म्हणून नांदत आहे. तेथें औषधनिर्माण व रासायनिक एंजिनियरिंग, दोन्ही शिकवितात.

मात्र आपल्या मुलामुलींना या वाटेस लावण्यापूर्वीं पालकांनीं त्यांचे गुण केवळ गणितांत पाहूं नयेत. केलेलें प्रत्येक काम त्याच वेळीं नोंदवून ठेवण्याची शिस्त, आणि संशय येतांच तयार माल अडवून धरण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं आहे काय, हेंही पाहावें. वेतन कारखाना देतो खरा. पण विश्वास टाकतो तो रोगी, आणि त्याला तर त्या एंजिनियरचें नांवही ठाऊक नसतें.