मंदी, माग आणि मागे पडलेले भांडवल



या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी ज्या शहराचा अर्थव्यवहार घराघरांत जाऊन अभ्यासला, त्या सोलापुरात मंदीवर बोलताना उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही.

मंदी आली की आपण उत्पादनाचे आकडे पाहतो. 2020च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरले. पण टाळेबंदी उठली तशी चाकेही फिरू लागली. उत्पादनाची घट डोळ्यांत भरते आणि मागणी आली की बरीचशी भरूनही निघते. गुंतवणुकीची घट मात्र चटकन कोणाला दिसत नाही आणि खरे नुकसान तीच करते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

साधा हिशेब मांडतो. एका कारखानदाराकडे शंभर माग आहेत आणि दरवर्षी तो दहा जुने माग बदलतो. मागणी दहा टक्क्यांनी घटली की नव्वद मागांत त्याचे भागते. त्या वर्षी तो एकही नवा माग घेत नाही. कापड घटले दहा टक्के, मागांची खरेदी मात्र थेट शून्यावर आली. माग बनवणारा, सुटे भाग ओतणारा, कर्ज देणारा असे सगळेच त्या शून्यात सापडतात.

आपल्या जुन्या गिरणीचे उदाहरण घ्या. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या संचालकांनी 27 जुलै 1949 रोजी कामगारांना नोटीस दिली आणि 27 ऑगस्टला गिरणी बंद झाली. गैरकारभारामुळे आवश्यक वस्तूचे उत्पादन थांबले, बेकारी वाढली, असे कारण देऊन केंद्र सरकारने जानेवारी 1950 मध्ये वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला. भोंगा पुन्हा वाजवायचा तर भांडवल हवे. म्हणून सरकारने नेमलेल्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरधारकांकडे प्रत्येक शेअरमागे आणखी 50 रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास या शेअरधारकाने त्याविरुद्ध दावा लावला आणि डिसेंबर 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. कायद्याचे विद्यार्थी हा खटला मालमत्तेच्या हक्कासाठी वाचतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो भांडवलासाठी वाचावा. हुकूम काढून गिरणी ताब्यात घेता येते, गुंतवणूकदाराचा विश्वास ताब्यात घेता येत नाही. पुढे जुनी गिरणी कायमची बंद पडली आणि नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणीही गेली.

गिरण्यांनंतर शहर यंत्रमागांनी तोलून धरले. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, टॉवेल परदेशी जाऊ लागले. आता शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मंदी कशी शिरते ते पाहा. आधी रात्रपाळी बंद होते. मग जेकार्डवर नवे डिझाइन चढत नाही, जुन्याच कार्डांवर चादर निघत राहते. कांड्या भरणाऱ्या बाईला आठवड्यातून तीनच दिवस बोलावणे येते. पुढे बंद पडलेल्या मागाचा सुटा भाग काढून चालत्या मागाला बसवतात. शेवटी उरलेला सांगाडा किलोच्या भावाने भंगारात जातो. नंतर ऑर्डर आली तरी ती घ्यायला माग नसतो आणि विणकराचा मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसने नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. 2014 मध्ये ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली, तेव्हा देशाच्या उत्पादनातला कारखानदारीचा वाटा 2022 पर्यंत 25 टक्क्यांवर न्यायचे ठरले होते. तो आजही सहाव्या हिश्श्याच्या आसपास रेंगाळतो आहे. यंत्रे बदलण्यासाठी 1999 पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी होता, पण ज्याच्या हाती ऑर्डर नाही तो सवलतीच्या व्याजानेही कर्ज काढत नाही. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादले. मालाचे काय होणार याची खात्री नसेल तर शहाणा माणूस यंत्रात पैसा घालत नाही. यात त्याची चूक नाही. पण सगळेच असे शहाणे झाले की मंदी मुक्काम ठोकते.

म्हणून कारखानदारांना माझी विनंती आहे : तेजीच्या वर्षांत घसाऱ्याची रक्कम खरोखर बाजूला ठेवा, ती प्लॉटमध्ये आणि लग्नात घालू नका. बँकांनी तारणाइतकेच हातातल्या ऑर्डरकडेही पाहावे. मंदीच्या काळात सरकारने रुग्णालये, वसतिगृहे आणि रेल्वेसाठी चादरी-टॉवेलांची खरेदी वाढवावी, कारण त्या वेळी दुसरे गिऱ्हाईक नसते. आणि यंत्रमाग कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा वाद वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू नका. ज्या कामगाराला उद्याची खात्री नाही, तो नवे यंत्र शिकायला थांबणार नाही.

परिषदा ठराव पुष्कळ करतात. पुढच्या अधिवेशनात ठरावांच्या आधी एकच आकडा मांडा : या वर्षात सोलापुरात नवे माग किती बसले आणि भंगारात किती गेले. मंदी सरली की नाही, हे मी त्या आकड्यावरूनच मानीन.