सरवा वेंचणाऱ्या भगिनी आणि आपलें पाणी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवालय उभारणाऱ्यांचा व गेलेल्या पिढ्यांच्या श्रमांचा गौरव होतो, आणि तें योग्यच आहे. परंतु आज आम्ही ज्यांच्याविषयीं बोलणार आहों, त्यांचें नांव कोणत्याहि कोनशिलेवर कोरलेलें नाहीं. भल्या पहांटे घराबाहेर पडून, इतरांनीं टाकलेला माल निवडून त्यावर आपला संसार चालविणाऱ्या पुणें शहरांतील स्त्रियांविषयीं दोन शब्द सांगावे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पाण्याचा मार्ग ध्यानांत घ्यावा. पुण्यांत मुळा व मुठा यांचा संगम होतो, आणि पुढें मुळामुठा भीमेस जाऊन मिळते. भीमेवर सोलापूर जिल्ह्यांत उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या विस्तीर्ण जलाशयावर मच्छीमार पोट भरतात, मळे भिजतात, सोलापूरकरांची तहान भागते. भिगवणच्या बाजूस रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. म्हणजे पुण्याच्या एका खिडकींतून ओढ्यांत पडलेली प्लॅस्टिकची पिशवी ही त्या एका घराची गोष्ट राहत नाहीं. पावसाळ्यांत ती वाहून जाते. ऊन व पाणी यांच्या योगें तिचे बारीक तुकडे होतात, आणि मग ते कोणासहि वेंचतां येत नाहींत. जें वेंचावयाचें, तें पाण्यांत पडण्यापूर्वींच वेंचलें पाहिजे. नेमकें हेंच काम या भगिनी करितात.

त्यांचें संघटन कसें झालें, तेंहि ऐकण्यासारखें आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाचे कार्यकर्ते त्यांच्या वस्त्यांत शिकवावयास गेले, आणि पुढें त्यांच्यासमवेत कचराकुंड्यांपर्यंतहि गेले. खरकटें व सुका माल एकत्र कालवला गेला म्हणजे बाईचे तास वाढतात, हात चिरतात, आणि भिजलेल्या कागदाचा भाव उतरतो. तोच माल दारांतच वेगळा मिळाला, तर थोड्या वेळांत अधिक मिळकत होते. ही साधी गोष्ट पुढील सर्व कार्याचा पाया ठरली. १९९३ सालीं, हमालांचे पुढारी डॉ. बाबा आढाव यांच्या साहाय्यानें, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याहि बहुतांशीं दलित समाजांतील. त्यांनीं भिक्षा मागितली नाहीं. आमच्या कामास काम म्हणा व आम्हांस ओळखपत्र द्या, एवढीच त्यांची मागणी होती. पुणें महानगरपालिकेनें त्या ओळखपत्रांस मान्यता दिली. पुढें २००८ सालीं, कचरा वेंचणाऱ्यांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली.

त्यांची मिळकत दोन वाटांनीं होते. घरटी मिळणारें मासिक शुल्क ही एक, आणि सुका माल विकून येणारा पैसा ही दुसरी. कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लॅस्टिकची बाटली, प्रत्येकाचा भाव निराळा. हा माल भंगारवाल्याकडून कारखान्यांत जातो. बाटलीचे तुकडे करून त्यांचा धागाहि काढतात. परंतु खाऊच्या चकचकीत पाकिटास कोणी विचारीत नाहीं. तें उचलण्याचे श्रम मात्र बाईचेच. गणेशविसर्जनाच्या दिवसांत याच भगिनी नदीच्या घांटांवर उभ्या राहून भाविकांकडून निर्माल्य मागून घेतात. पाण्यांत कुजावयाचें तें खत होऊन मातीस मिळतें.

येथें आम्ही अतिशयोक्ति करूं इच्छित नाहीं. उजनीच्या पाण्याचें मोठें दुखणें शहरांचें मैलापाणी हें आहे. तें शुद्ध करणें पालिकांचें व सरकारचें कर्तव्य होय. तें कोणा बाईच्या पोत्यांत मावणारें नव्हे. शिवाय सर्व कचरा मोटारींत भरून एखाद्या ठेकेदाराच्या स्वाधीन करावा, हा विचार शहरांतून वारंवार डोकें वर काढितो. तसें झाल्यास रस्ते कदाचित् तितकेच स्वच्छ दिसतील. परंतु हजारों घरांतील चूल विझेल, आणि निवडून पुन्हां उपयोगांत येणारा माल ढिगाऱ्यांत गाडला जाईल.

पवित्र शास्त्रांतील रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचते. तो सरवा ही शेतमालकाची मेहरबानी नव्हती. कापणींत मागें राहिलेलें धनी पुन्हां गोळा करणार नाहीं, तें गरिबांचें व परक्यांचें, असा नियमच होता. आमच्या मतें शहरांतील कचरा हा आजचा सरवा आहे. ज्यांनीं त्यास प्रथम हात लावला, त्यांचा त्यावर प्रथम हक्क आहे.

मग आपण काय करावें? २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका व घरांतील घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा देण्याचें बंधन घातलें. परंतु जें कायदा सांगतो, तें प्रेमानें अधिक नीट होतें. फुटलेली काच कागदांत गुंडाळून द्यावी. मासिक पाळीचे पॅड उघडे टाकूं नयेत. कागदांत बांधून त्यावर तांबडी खूण करावी, म्हणजे कोणा भगिनीचा हात अजाणतां त्यांत पडणार नाहीं. शुल्क वेळेवर द्यावें. आणि दारांत आलेल्या बाईस 'कचरेवाली' न म्हणतां, वयाप्रमाणें ताई किंवा मावशी म्हणावें. मुलें तेंच शिकतील.

बंधुभगिनींनो, या ज्युबिलीच्या भोजनानंतर पत्रावळींचा व पेल्यांचा ढीग होईल. आमची अशी विनंती आहे कीं, मंडपाच्या दोन्ही बाजूंस ओल्या व सुक्याचे पिंप वेगळे ठेवावे, तरुणांनीं तेथें उभें राहावें, आणि सुका माल वेंचणाऱ्या भगिनींच्या स्वाधीन करण्यापूर्वीं त्यांस आपल्याच पंक्तीस सन्मानानें बसवावें. उत्सवाची खरी शोभा त्यांत आहे.