पत्रव्यवहार, कागदपत्रे आणि आपला वेळ
(संस्थेच्या सभासद-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात ई-मेल आणि संगणकावरील ऑनलाईन कार्यालयीन कामकाज ह्या विषयावर बोलण्याची जबाबदारी संस्थेने आमच्यावर सोपविली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही काही संगणकतज्ज्ञ नाही. नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळी दोन तास कार्यालयात बसणारे आम्ही कार्यकर्ते. जे चुकत चुकत शिकलो तेवढेच आपणासमोर ठेवणार आहोत.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, घराचे प्रश्न उभे असताना ई-मेल कसा लावून ठेवावा हे काय सांगता, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी एक घटना सांगतो. ती सांगताना आम्हास आजही संकोच वाटतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतील एका विद्यार्थिनीने वसतिगृहाच्या खर्चासाठी एका विश्वस्त निधीकडे अर्ज केला. तिच्या घरी संगणक नव्हता, म्हणून संपर्कासाठी संस्थेचा ई-मेल पत्ता दिला. निधीकडून उत्तर आले. उत्पन्नाचा दाखला जुना आहे, नवा सात दिवसांत पाठवा, एवढीच दोन ओळींची मागणी. ते पत्र आमच्याकडे आले तेव्हा पेटीत चारशेहून अधिक न वाचलेली पत्रे साचली होती. त्यात जाहिराती होत्या, सभेच्या सूचना होत्या, एकच पत्रक पाच जणांनी पुढे पाठविलेले होते. आम्ही ते पत्र उघडले नवव्या दिवशी. मदत गेली. ती मुलगी कार्यालयात आली आणि एवढेच म्हणाली, “सर, पत्र आलं होतं का?” ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही आपसांत वर्गणी काढून तिचा पहिला हप्ता भरला, परंतु त्याने चूक पुसली जात नाही. आमची निष्ठा कमी पडली नव्हती, कमी पडली ती व्यवस्था.

त्यानंतर आम्ही वही घेऊन बसलो आणि आपला वेळ जातो कोठे, ते लिहून काढले. चार वाटा सापडल्या. पहिली, जुने पत्र किंवा कागद शोधण्यात. दुसरी, तेच ते पत्र पुन्हा पुन्हा लिहिण्यात. तिसरी, एका कागदाच्या चार प्रती चौघांकडून आल्यावर त्या जुळविण्यात. चौथी, एका संगणकावरचे मराठी दुसऱ्या संगणकावर न दिसल्याने पुन्हा टाईप करण्यात. रोज नुसते शोधण्यात दहा मिनिटे गेली, तर वर्षाच्या 300 दिवसांत 50 तास होतात. तेवढ्या वेळात कितीतरी मुलांचे अर्ज शेजारी बसून भरून देता आले असते.

आता ई-मेलचे पाहू. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पहिले पत्र पाठविले, आणि पत्त्यातील ‘अॅट’चे चिन्हही त्यांनीच निवडले. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगमाच्या मार्फत. जीमेलची सेवा 2004 मध्ये सुरू झाली. आज खिशातल्या फोनवर ती आहे, तरी आपण टपालपेटीची शिस्त मात्र तिला लावलेली नाही.

आम्ही लावलेली शिस्त अशी.

पहिले, पत्रे पाहण्याच्या वेळा ठरवाव्यात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसभर दर पाच मिनिटांनी पाहणे आणि आठ दिवस न पाहणे, दोन्ही सारखेच घातक. पत्र उघडले की चारपैकी एक करावे. दोन मिनिटांत देता येण्याजोगे उत्तर लगेच द्यावे, दुसऱ्याचे काम असेल तर त्याच्याकडे सोपवावे, जपावयाचे असेल तर जागेवर लावावे, नको असेल तर काढून टाकावे. ‘मग बघू’ म्हणून बंद केलेले पत्र सहसा पुन्हा उघडत नाही. खरोखरच नंतर पाहावयाचे असेल तर ‘स्नूझ’ ही सोय वापरून तारीख द्यावी. त्या दिवशी पत्र आपोआप पुन्हा वर येते.

दुसरे, लेबल आणि फिल्टर. लेबल म्हणजे फायलीवर लावतो ती चिठ्ठी. फिल्टर म्हणजे दारातच पत्रे वेगळी करणारा शिपाई. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या चिन्हावर दाबले की चौकट उघडते. कोणाकडून, विषय कोणता, सोबत फाईल आहे का, हे भरून तेथेच फिल्टर तयार करता येतो. आम्ही शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांचे पत्ते फिल्टरमध्ये घातले, त्यांच्या पत्रांना ‘विद्यार्थी – तातडीचे’ हे लेबल आणि तारा आपोआप लागतो. आउटलुक वापरणाऱ्यांना हीच सोय ‘रूल्स’ ह्या नावाने मिळते. हे करण्यास अर्धा तास लागला. तो अर्धा तास आधी दिला असता, तर त्या मुलीचे पत्र पहिल्याच दिवशी वर दिसले असते.

शोधण्याकरिताही हीच चौकट उपयोगी पडते. पानामागून पान उलटत बसण्यापेक्षा पाठविणाऱ्याचे नाव आणि तारखेचा अंदाज भरावा, पत्र क्षणात सापडते.

तिसरे, तयार मजकूर. देणगीची पोच, सभेचे निमंत्रण, अर्ज मिळाल्याचे उत्तर ही पत्रे दर वेळी नव्याने लिहू नयेत. जीमेलमध्ये संगणकावर सेटिंग्जच्या ‘अॅडव्हान्स्ड’ भागात ‘टेम्प्लेट्स’ सुरू करता येतात. मजकूर एकदा नीट लिहून ठेवावा, नंतर फक्त नाव, रक्कम आणि तारीख बदलावी. मात्र पाठविण्यापूर्वी नाव बदलले की नाही हे अवश्य पाहावे. एका देणगीदारास दुसऱ्याच्या नावाचे आभारपत्र जाणे हे पत्र न पाठविण्याहून वाईट.

चौथे, पाठविलेले पत्र परत घेण्याची सोय. जीमेलमध्ये ही मुदत मुळात 5 सेकंदांची असते. सेटिंग्जमध्ये ती 30 सेकंदांपर्यंत वाढविता येते. आजच घरी गेल्यावर वाढवून घ्या. फाईल जोडावयाची राहिली हे आपल्याला बहुधा ‘सेंड’ दाबल्यावरच आठवते.

पाचवे, विषयाची ओळ. ‘महत्त्वाचे’ किंवा ‘नमस्कार’ असा विषय लिहू नये. ‘सभा, रविवार, सकाळी 10, अभ्यासिका’ असे लिहिले तर न उघडताही काम होते. आणि अनेक सभासदांना एकच पत्र पाठविताना सर्वांचे पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात घालावेत. म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही, आणि ‘सर्वांना उत्तर’ दाबून कोणी शंभर जणांच्या पेट्या भरत नाही.

आता ऑनलाईन कागदपत्रांकडे वळू. पूर्वी आपला वार्षिक अहवाल असा तयार होई: चिटणीस मसुदा पाठवीत, कोषाध्यक्ष त्यात आकडे घालून परत पाठवीत, तोवर चिटणिसांनी आपल्या प्रतीत बदल केलेले असत. ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’, ‘अगदी अंतिम’ अशा नावांच्या फायली होत आणि छापखान्यात जाई ती चौथीच. गुगल डॉक्ससारख्या साधनात कागद एकच राहतो, माणसे अनेक येतात. फाईल न पाठविता तिचा दुवा पाठवावयाचा. कोणाला फक्त वाचू द्यावयाचे, कोणाला शेरा लिहू द्यावयाचा आणि कोणाला बदल करू द्यावयाचा, हे तीन अधिकार वेगवेगळे देता येतात. कोणी चुकून परिच्छेद पुसला तर घाबरू नये. फाईल मेनूतील ‘व्हर्जन हिस्ट्री’मध्ये जुन्या अवस्था तारीख-वेळेसह दिसतात आणि त्यातील हवी ती परत आणता येते. सभेचे इतिवृत्त तर सभा चालू असतानाच लिहावे आणि उठण्यापूर्वी वाचून दाखवावे. महिनाभराने आठवून लिहिलेल्या इतिवृत्तावरूनच भांडणे होतात.

आणखी एक अडचण आपल्या भाषेची. जुन्या मराठी फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य खुणांसारखा दिसतो, हे आपण सर्वांनी भोगले आहे. ह्यावर उपाय युनिकोड. 1991 च्या पहिल्याच आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी आजच्या कोणत्याही फोनवर, संगणकावर वाचता येते आणि शोधताही येते. विद्यार्थ्यांनी इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा, तो विंडोजमध्ये मिळतो. ज्या ज्येष्ठांना टायपिंग जमत नाही त्यांच्यासाठी बोलून लिहिण्याची सोय आहे. क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडून ‘टूल्स’ मेनूतील ‘व्हॉइस टायपिंग’ निवडावे, भाषा मराठी ठेवावी आणि सावकाश बोलावे. नंतर शुद्धलेखन तपासावेच लागते, परंतु अर्धे काम झालेले असते.

हिशेब आणि याद्यांकरिता तक्ते. सभासदांची यादी एकाच तक्त्यात ठेवावी, वरची शीर्षकांची ओळ ‘फ्रीझ’ करावी. विभाग, वर्ग, वर्गणी ‘भरली’ की ‘बाकी’ असे रकाने हाताने न लिहिता निवडयादीतून भरावेत. एकाने ‘बारावी’, दुसऱ्याने ‘१२वी’, तिसऱ्याने ‘एच.एस.सी.’ लिहिले तर मोजदाद कधीच जुळत नाही. आजची तारीख घालण्यासाठी कंट्रोल आणि अर्धविराम ही कळजोडी पुरते. एकच नाव दोनदा आले असेल तर ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ची सोय आहे, परंतु ती वापरण्यापूर्वी तक्त्याची प्रत काढून ठेवावी.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची माहिती आम्ही आता गुगल फॉर्मवर घेतो. उत्तरे थेट तक्त्यात उतरतात, पुन्हा टाईप करण्याचे काम राहत नाही. अर्जदारास त्याच्या उत्तरांची प्रत मिळेल अशी सोय सेटिंग्जमध्ये सुरू करावी. म्हणजे ‘मी भरला होता’, ‘आला नाही’ हा वाद उरत नाही. एक लक्षात ठेवावे, फॉर्ममधून गुणपत्रिकेची फाईल मागविली तर भरणाऱ्याचे गुगल खाते असावे लागते. ज्याचे खाते नाही तो विद्यार्थी दारातच थांबतो. त्याच्यासाठी कागदी अर्ज कार्यालयात ठेवावा. सोय ही ज्याच्याकडे साधन नाही त्याला बाहेर ठेवण्यासाठी नसते.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. संस्थेचे खाते कोणा एका पदाधिकाऱ्याच्या खासगी नावावर व फोनवर असू नये. पदाधिकारी बदलतात, गावे बदलतात, आणि दहा वर्षांची कागदपत्रे कुलपात अडकतात. किमान दोन जबाबदार व्यक्तींना प्रवेश असावा आणि पदभार देताना दप्तराप्रमाणे खात्याचीही नोंद व्हावी. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गुगल खाते बंद करून त्यातील मजकूर पुसण्याचे धोरण त्या कंपनीने 2023 मध्ये जाहीर केले आहे, तेव्हा जुनी खाती उघडून पाहावीत. मोफत जागा 15 जीबी असते आणि ती पत्रे, फायली व छायाचित्रे ह्या सर्वांत मिळून असते. ती भरली की नवी पत्रे येणेच थांबते. म्हणून कार्यक्रमाचे व्हिडिओ अन्यत्र ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाचे, आपल्या तक्त्यांत आणि फायलींत विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, आधार क्रमांक असतात. अशा फायलीचा दुवा ‘ज्याच्याकडे दुवा आहे त्या सर्वांसाठी खुला’ ठेवू नये. ठरावीक व्यक्तींची नावे घालूनच तो द्यावा. खात्यास दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. ओटीपी कोणालाही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही देऊ नये. पैशांची फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता 1930 ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

मित्रहो, हे सारे एकदम करू नका. ह्या आठवड्यात एक फिल्टर लावा, पुढच्या आठवड्यात एक तयार मजकूर लिहा. विद्यार्थ्यांना आमची विशेष विनंती आहे: प्रत्येकाने घरातील किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसास स्वतःचे पत्र स्वतः उघडावयास शिकवावे. आपण करून देणे सोपे असते, परंतु शिकविलेले टिकते.

वाचलेल्या वेळेचे काय करावयाचे, असे कोणी विचारील. आम्ही तो वेळ शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेत देतो. ज्या मुलांना अर्ज भरता येत नाही त्यांच्या शेजारी बसतो, दाखल्यांच्या मुदती तपासतो आणि येणाऱ्या उत्तरांची नोंद फळ्यावर खडूने लिहितो. होय, खडूनेच. संगणक असला तरी फळा आम्ही काढलेला नाही, कारण तो सर्वांना दिसतो.

ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख सुरुवातीस केला, तिने शिक्षण पूर्ण केले, ते तिच्या जिद्दीने, आमच्या मदतीने नव्हे. आमच्यावर तिचे एक उत्तर बाकी आहे. यापुढे कोणीही “पत्र आलं होतं का?” असे विचारले, तर “होय, आले होते, वाचले आणि त्याच दिवशी उत्तर पाठविले,” असे सांगता यावे, एवढ्याचसाठी हा खटाटोप.