घरतपासणी : प्लेगचा धडा
(सोलापूर येथील नव्या पेठेत दिलेल्या व्याख्यानातून)

घरतपासणी म्हटले की १८९७ चे पुणे डोळ्यांसमोर येते. साथरोग अधिनियमाच्या आधारे गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले, सामान जाळले गेले. परिणाम उलटाच झाला : लोक रुग्ण लपवू लागले. रोग तर उंदरांवरील पिसवांमुळे पसरत होता! १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या कार्याने ते निर्विवाद ठरले. माणसांच्या झडतीपेक्षा धान्याची कोठी आणि भिंतीतील बिळे पाहणे अधिक अगत्याचे होते. आज डेंग्यूकरिता येणारी आरोग्यसेविका दारात थांबून विचारते, रांजणातील अळ्या मुलांना दाखवते. पुढील खेपेस तीच मुले कोरडा केलेला रांजण तिला दाखवावयास धावतात.