माफ झालेल्या कराची मुदत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, जुनी मोटारसायकल विकणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. आपल्याकडे फॉर्म नंबर २९ आणि ३० वर सह्या करायच्या, विम्याचे आणि पीयूसीचे कागद द्यायचे, पैसे मोजून घ्यायचे आणि किल्ली समोरच्याच्या हातावर ठेवायची. या व्यवहारात विकणाऱ्याला सरकारचं काही देणं लागत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. आणि बहुतेक वेळा ते लागतही नाही. माझ्याही मनात आलं नव्हतं. पण माझी गाडी मी एका देशातून दुसऱ्या देशात नेलेली होती आणि नेताना तिच्यावरचा कर मला माफ झालेला होता. 'माफ' या शब्दाचा मी काय अर्थ धरला आणि कायद्याने काय धरला, यात जे अंतर पडलं त्याची ही हकीकत आहे.

मी मूळचा साताऱ्याचा. दुबईत सात वर्षं नोकरी केली. तिथे २०१८ साली एक पाचशे सीसीची बुलेट घेतली. ती तयार झाली चेन्नईला, मी विकत घेतली दुबईत. शुक्रवारी पहाटे ऊन चढायच्या आत तीवर हट्टाच्या डोंगरापर्यंत जाऊन यायचं, एवढीच काय ती चैन. सप्टेंबर २०२१ मध्ये मला इंग्लंडात कॉव्हेंट्रीला नोकरी लागली. सामान बांधताना सौभाग्यवती म्हणाल्या, "फ्रिज, सोफा सगळं विकून टाकू, पण गाडी तुम्ही काही सोडायचे नाही." खरंच होतं ते.

ब्रिटनमध्ये कायमचं राहायला येणाऱ्या माणसाला घरगुती सामान आणि स्वतःचं वाहन आयात शुल्क आणि व्हॅट न भरता आणता येतं. तिकडे तिला 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'ची सवलत म्हणतात. अटी साध्या आहेत. तुम्ही किमान सलग बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असला पाहिजेत, वस्तू किमान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असली पाहिजे, आणि ती धंद्यासाठी आणलेली नसावी. अर्ज केला, दुबईतलं नोंदणीपत्र, घरभाड्याचे करार, सगळं जोडलं. मंजुरीचं पत्र आलं. नोव्हेंबरात गाडी बंदरातून सुटली. १४ दिवसांच्या आत ती आल्याची वर्दी महसूल खात्याला द्यावी लागते, तीही दिली. मग तपासणीत हेडलाइटचा प्रश्न निघाला. दुबईत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे दिव्याचा झोत उजवीकडे झुकणारा. ब्रिटनमध्ये आपल्यासारखी डावीकडून. दिवा बदलला, वेग मैलात दाखवणारी तबकडी बसवली, तेव्हा कुठे नंबर मिळाला. या सगळ्या धावपळीत मंजुरीचं पत्र मी फाइलला लावून टाकलं. त्याच्या पहिल्या चार ओळी वाचल्या होत्या, त्या गोड होत्या.

जुलै २०२२ मध्ये साताऱ्याहून फोन आला. आई न्हाणीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण आता तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. दादा आणि वहिनी पुण्याला, दोघांच्या नोकऱ्या. बरंच बोलणं झालं आणि शेवटी आम्हीच परत यायचं ठरलं. ऑगस्टअखेर घर रिकामं करायचं होतं. राहता राहिली बुलेट.

गाडी इकडेच आणावी, हा पहिला विचार. चेन्नईला जन्मलेली गाडी माहेरी येईल, असं मी म्हणालोही. पण आपल्या आयात धोरणात तेव्हा वापरलेलं वाहन तीन वर्षांहून जुनं असेल तर आणायला मज्जाव होता, आणि माझी गाडी चार वर्षांची. शिवाय इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण परदेशात मुलं असलेल्या अनेक घरांत याबद्दल गैरसमज आहे. परतणाऱ्या माणसाला सामानावर जी सवलत मिळते तिच्यात मोटार किंवा मोटारसायकल धरत नाहीत. टीव्ही, कपाट वेगळं आणि वाहन वेगळं. संपूर्ण तयार नव्या मोटारसायकलीवर २०१८ पासून ५० टक्के सीमाशुल्क होतं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ते १६०० सीसीपर्यंत ४० आणि त्यापुढे ३० टक्के झालं. तेही कुठेच नोंदणी न झालेल्या गाडीला. वापरलेलीला दर त्याहून चढा, आणि वर जीएसटी निराळा. तेव्हा माहेरची गोष्ट तिथेच संपली.

गाडी विकायचं ठरलं आणि गिऱ्हाईक दारातच होतं. माझ्याच कारखान्यातले एक सरदारजी, आम्ही सगळे त्यांना पाजी म्हणायचो. त्यांच्या वडिलांकडे लुधियान्याला बुलेट होती. दोन हजार पौंडांना सौदा ठरला. कागद काढायला म्हणून फाइल उघडली, तर सौ. पत्र घेऊन आल्या. "अहो, हे वाचलंत का कधी?"

पत्रात खाली लिहिलं होतं, की सवलतीत आणलेली वस्तू आणल्यापासून बारा महिन्यांच्या आत विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, उसनी देता येणार नाही, कुणाच्या नावे करता येणार नाही. करायचं असल्यास आधी खात्याला कळवावं लागेल आणि माफ केलेला कर भरावा लागेल. नोव्हेंबर ते ऑगस्ट, नऊ महिने झाले होते.

मला आधी रागच आला. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अरे, गाडी तुझी, पैसे तुझे, विकतोयस तू. सरकारचा संबंध काय?" मलाही तसंच वाटत होतं. पण चार दिवस डोकं थंड ठेवून विचार केल्यावर अटीमागचं कारण दिसू लागलं. सवलत मला दिलेली होती, गाडीला नाही. माणूस घर बदलतोय, तर त्याच्या वापरातल्या वस्तूवर पुन्हा कर कशाला, एवढाच तिचा हेतू. आता मी गाडी आणली आणि लगेच विकली, तर ती माझी घरगुती वस्तू राहिली नाही, बाजारात आलेला परदेशी माल झाली. आणि तशा मालावर दुकानदार कर भरतोच. म्हणून ही बारा महिन्यांची मुदत. तोवर कर माफ नसतो, नुसता झोपलेला असतो. युरोपीय संघाच्या नियमातही हेच सहा महिने आणि हेच बारा महिने आहेत. तिथे तर वस्तू तारण ठेवणंही चालत नाही.

पाजींनी तोडगा काढला. भला माणूस, त्यांच्या मनात पाप नव्हतं. म्हणाले, "भाईसाहेब, गाडी आणि किल्ली आज मला द्या, पैसे आज घ्या. कागद नोव्हेंबरनंतर माझ्या नावावर करू. कोण बघतंय?"

मंडळी, हा तोडगा आपल्या ओळखीचा आहे. तिकडे, इकडे, सगळीकडे माणसं तो काढतात. मलाही रात्रभर तो पटला होता. पण जरा खोलात जा. पैसे घेऊन गाडी दिली की विक्री झाली, कागद केव्हा का होईनात. तिथलं नोंदणीपत्र मालकीचा पुरावा मानलंच जात नाही; ते गाडी कोण बाळगतो एवढंच सांगतं. त्यामुळे ते माझ्या नावावर राहिल्याने मी मालक ठरत नव्हतो, फक्त पाजींनी वेग मोडला तर नोटीस मला साताऱ्याला येणार होती. त्यांनी कुणाला धडक दिली असती आणि विमा माझ्या नावावर, तर काय झालं असतं, हा विचार मी पुढे नेला नाही. आणि मुदतीच्या आत कागद बदलले असते, तर मालक बदलल्याची तारीख सरकारदरबारी आपोआप लागलीच असती.

दुसरा मार्ग सरळ होता. गाडी कुलूपबंद ठेवायची, रस्त्यावर नाही असं जाहीर करायचं आणि मुदत संपल्यावर विकायची. त्यात एका पैचाही कर नव्हता. पण गॅरेजचं भाडं महिना ६० पौंड, म्हणजे चार महिन्यांचे २४०. मी सात समुद्रापलीकडे, आणि नोव्हेंबरात तिकडे मोटारसायकलीला गिऱ्हाईक मिळणं कठीण. पाजी तोवर थांबतील याची खात्री नव्हती.

म्हणून मी खात्याला लिहिलं. गाडी अमुक तारखेला, अमुक किमतीला विकू इच्छितो. मार्चमध्ये एका सहकाऱ्याला ती एका शनिवारी फिरवायला दिली होती, तेही लिहून टाकलं. 'उसनी देणं' हा शब्द वाचल्यापासून तो शनिवार मला टोचत होता. उत्तर आलं. शनिवारबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. करही मी समजलो होतो त्यापेक्षा कमी होता. माझी समजूत अशी, की गाडी आणली तेव्हाच्या किमतीवर कर लागणार. ती किंमत २,६०० पौंड होती. पण नियम असा, की विकतेवेळची किंमत आणि विकतेवेळचा दर धरायचा. अडीचशे सीसीच्या वरच्या मोटारसायकलीला शुल्क ६ टक्के, म्हणजे दोन हजारांवर १२०. मग या २,१२० वर २० टक्के व्हॅट, ४२४. एकूण ५४४ पौंड. जुन्या किमतीवर धरले असते तर सातशेच्या वर गेले असते. गॅरेजच्या भाड्याशी तुलना केली तर थांबलेलंच बरं होतं, हे मला कळत होतं. तरी भरले. आईजवळ जाऊन बसायचं आणि मन कॉव्हेंट्रीच्या गॅरेजमध्ये अडकवून ठेवायचं, हे मला नको होतं. दादा अजूनही म्हणतो, की तू तीनशे पौंड पाण्यात घातलेस. घातले असतील.

मुदत उलटून विकली असती तर? मग काहीच नाही. खासगी माणूस आपली वापरलेली गाडी विकतो तेव्हा व्हॅट लागत नाही, आणि चार पैसे जास्त मिळाले तरी मोटारसायकल ही यंत्र म्हणून झिजणारी वस्तू धरतात, तिच्या नफ्यावर तिकडे भांडवली कर नाही. आपल्याकडेही स्वतःच्या वापरातलं वाहन प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ता ठरत नाही. दागिने आणि चित्रं यांचं मात्र तसं नाही. जीएसटीबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये बराच गोंधळ उडाला होता, की आता जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला १८ टक्के भरावे लागणार. तसं काही झालं नाही. तो १८ टक्के दर नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला, आणि तोही घेतल्या-विकल्या किमतीतल्या फरकावर. शेजाऱ्याने शेजाऱ्याला गाडी विकली तर त्यात जीएसटी येत नाही.

पण बाहेरून आलेली गाडी आपल्या शहरात कुणी स्वस्तात देत असेल, तर नोंदणीपुस्तकावर समाधान मानू नका. कस्टम्समधून सुटतानाचं बिल ऑफ एंट्री मागा. शुल्क पूर्ण भरलं होतं की काही सवलतीत गाडी आली, सवलतीला अट होती का, बाँड लिहून दिला होता का, हे त्या कागदांवरून कळतं. आयात गाडीच्या पहिल्या नोंदणीच्या वेळी आरटीओ तेच कागद मागतं. कारण सवलतीची अट मोडली तर १९६२ च्या कस्टम्स कायद्यातलं कलम १११ मालावर चालतं, आणि माल त्या दिवशी ज्याच्या दारात उभा असेल त्याच्या दारातून तो जप्त होऊ शकतो. विकणारा तोवर विमानात बसलेला असतो.

पाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. त्यांच्या तोडग्याने धोका त्यांच्याही घरी येणार होता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ते गाडी न्यायला आले. सौ.ने चहा केला. त्यांनी दोन हजार पौंड दिले, मी फाइल दिली. त्यात मंजुरीचं पत्र, खात्याचं उत्तर आणि ५४४ पौंडांची पावती होती. पावतीची एक प्रत त्यांनी घडी करून पाकिटात ठेवली आणि मला विचारलं, "हेडलाइट बदललाय ना, की अजून दुबईचाच आहे?"