सांगण्याची घाई कुणाला?

डब्लिनपर्यंत आलेल्या डॉक्टर, नर्स, समुपदेशक, शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

   हे सभागृह चर्चच्या पॅरिशच्या मंडळींनी आपल्याला कमी भाड्यात मिळवून दिलं. मी आज जे बोलणार आहे ते मी या देशात नवीन होते तेव्हा अशा सभागृहात बोलले असते, तर दिवे घालवून आपल्याला घरी पाठवलं असतं.

मला विषय दिला आहे : 'आयर्लंडमधील मराठी मुलांचे मानसिक आरोग्य : आढावा आणि दिशा'. आढावा घेते. लीव्हिंग सर्टची, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेची, धास्ती वाढली आहे. मेडिसिनला गुण पुरतील की नाही ही काळजी मुलांपेक्षा आईबाबांना जास्त आहे. झोप कमी झाली, फोन वाढला. नवीन आलेल्या कुटुंबांतली मुलं वर्गात एकटी पडतात. सरकारी बालमानसोपचार सेवेची प्रतीक्षा यादी किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच त्यात नावं घालता. झाला आढावा. दिशेचं शेवटी बघू.

आता मला जे बोलायचं आहे ते. मराठी कुटुंबांतली गे मुलं आणि मुली, आणि त्यांच्याकडे बघण्याची आपल्या व्यवसायाला लागलेली एक सवय. हा मुद्दा मी या संमेलनाच्या कार्यकारिणीच्या बैठकांत काढला की 'पुढच्या वेळी घेऊ' असं उत्तर मिळायचं. आज अध्यक्ष मीच आहे, तेव्हा पुढची वेळ आली असं समजा.

मूल माझ्यासमोर येऊन बसतं. कधी पोट दुखतं म्हणून आलेलं असतं, कधी मार्क घसरले म्हणून. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ते सांगतं की मी गे आहे. लगेच फाइलमध्ये एक प्रश्न येतो, माझ्या सहकाऱ्यांच्या हस्ताक्षरात मी तो असंख्य वेळा वाचला आहे : 'घरी सांगितलं का?' नाही, असं उत्तर आलं की उपचाराचं उद्दिष्ट ठरतं : घरी सांगायला मदत करणे. मुलाने उद्दिष्ट मागितलेलं नसतं. त्याने फक्त एक गोष्ट सांगितलेली असते, आणि ती त्याने सांगितली तेच पुष्कळ असतं.

ही घाई कुठून आली ते मला समजतं. या देशाने फार मोठी मजल मारली आणि त्याचा आनंद अंगात भिनला आहे. मी आले तेव्हा पुरुषांमधला समलिंगी संबंध हा इथे गुन्हा होता. कायदे इंग्रजांनी मागे ठेवलेले, १८६१ आणि १८८५ चे, आपल्या ३७७ कलमाचेच सख्खे भाऊ. १९८२ साली फेअरव्ह्यू पार्कमध्ये डेक्लन फ्लिन या तरुणाला मारहाण करून ठार केलं आणि पुढच्या वर्षी मारणाऱ्या पोरांना कोर्टाने निलंबित शिक्षा देऊन सोडून दिलं. त्याविरुद्ध लोक मोर्चाने चालत त्या बागेपर्यंत गेले. त्याच वर्षी या कायद्यांना आव्हान देणारे डेव्हिड नॉरिस इथल्या सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. मग ते युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये जिंकले. त्यांची बाजू लढवणाऱ्या मेरी रॉबिन्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि १९९३ मध्ये तो गुन्हा रद्द करणाऱ्या कायद्यावर सही त्यांचीच. त्या वेळच्या न्यायमंत्री मॉयरा गेगन-क्विन यांच्यावर छाप पडली ती फिल मूर नावाच्या एका बाईची, एका गे मुलाच्या आईची. ती भेटायला गेली आणि आई म्हणून बोलली. २२ मे २०१५ ला सार्वमत झालं, ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. जनमताने असा निर्णय घेणारा हा जगातला पहिला देश. विरोधात कौल गेला तो एकाच मतदारसंघात, रॉसकॉमन–साउथ लीट्रिममध्ये.

आणि मग आपले वराडकर. त्यांचं नाव घेतलं नाही तर मराठी कार्यक्रम पूर्ण होत नाही, म्हणून घेते. वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई मिरियम, वॉटरफर्डकडची, नर्स. लिओ वराडकर जून २०१७ मध्ये टीशॉक, म्हणजे इथले पंतप्रधान झाले तेव्हा आपण पेढे वाटले. डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबासह वराडला गेले, तेव्हाचे फोटो अजून आपल्या ग्रुपवर फिरतात. मालवणचा सुपुत्र! मी एका मुलीला ओळखते, तिच्या बाबांनी ते कात्रण फ्रिजवर लावलं होतं. पंधरा वर्षांची ती पोर रोज दूध काढताना ते बघायची. एकदा धीर करून म्हणाली, "बाबा, ते गे आहेत, माहीत आहे ना?" बाबा म्हणाले, "त्यांचं वेगळं. मोठ्या माणसांचं वेगळं असतं." कात्रण फ्रिजवरच राहिलं. मुलगी पुढची दोन वर्षं काही बोलली नाही. त्या गृहस्थांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. पण आपला अभिमान किती सोयीचा असतो ते बघा.

शाळेत, समुपदेशनात, भित्तिपत्रकांवर, सगळीकडे या वराडकरांचा दाखला मुलांना देतात. ते कधी बोलले? १८ जानेवारी २०१५, आरटीई रेडिओवर, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी. त्या दिवशी ते डॉक्टर होते, खासदार होते, देशाचे आरोग्यमंत्री होते. अर्सुला हॅलिगन, टीव्हीवरच्या नामवंत राजकीय पत्रकार, सार्वमताच्या आठवडाभर आधी त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. मुलीवर जीव जडला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, लिहिलं तेव्हा चोपन्न. डोनल ओग क्युसॅक, कॉर्कच्या हर्लिंग संघाचा गोलकीपर, २००९ मध्ये आत्मचरित्र लिहून बोलला, तेव्हा तो तिशी ओलांडलेला, नावाजलेला खेळाडू होता. ही सगळी माणसं धीराची आहेत, मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण त्यांच्यापाशी स्वतःची मिळकत होती, स्वतःच्या दाराची किल्ली होती. छत्तिसाव्या वर्षी एका मंत्र्याने जे केलं ते सोळाव्या वर्षी, बाबांच्या व्हिसावर आणि आईच्या स्वयंपाकावर राहणाऱ्या मुलाने करून दाखवावं अशी आपली अपेक्षा. आणि नाही केलं तर फाइलमध्ये आपण लिहिणार, 'आत्मस्वीकार अपुरा'.

इथे माझे विद्वान सहकारी आकडे काढतात. काढा. २०१६ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी बिलाँग टू आणि ग्लेन या संस्थांसाठी जो मोठा अभ्यास केला त्यात दिसलं की आपण वेगळे आहोत हे कळण्याचं सगळ्यांत जास्त आढळणारं वय बारा, आणि पहिल्यांदा कुणाला सांगण्याचं सोळा. मधली चार वर्षं. त्याच अभ्यासात सगळ्यांत जास्त हाल किशोरवयीन मुलांचे दिसले. त्यावरून आपल्यात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, ती चार वर्षं कमी करा, लवकर बोलतं करा. दुसरा म्हणतो, थांबवा, अठरा होऊ दे, नोकरी लागू दे. गेल्या संमेलनात या दोन तटांची चहा थंड होईपर्यंत खडाजंगी झाली. मी गप्प बसले होते. आज बोलते : दोन्ही तट चूक आहेत, कारण दोघांनाही मुलाचं वेळापत्रक आपल्या हातात हवं आहे.

ते वेळापत्रक मुलाचंच कसं असतं ते दोन मुलांवरून सांगते. कॉर्क परगण्यातला एक मुलगा होता, आयरिश, शेतकऱ्याचा. दूध काढायच्या वेळी त्याने बापाला सांगितलं, गायींच्या गोंगाटात, तोंड दुसरीकडे करून. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या पहाटे पाचला उठ, वासरू यायचंय." मुलगा माझ्याकडे हसत आला. माझी तरुण सहकारी त्या बापाला भेटायला बोलावणार होती, भावना मोकळ्या करायला. मी म्हटलं, त्या माणसाचं जे म्हणायचं ते म्हणून झालंय, त्याला परत बोलावू नकोस.

दुसरा मुलगा आपल्यातला. त्याचं स्वतःशी कसलंही भांडण नव्हतं. तेराव्या वर्षी कळलं, चौदाव्या वर्षी पटलं. चुलतबहीण कोल्हापूरला, तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, पण आजीला इतक्यात नको." बस्स. आईबाबांना त्याने कॉलेजात गेल्यावर सांगितलं, तेही रात्री गाडीत, बाबा चालवत असताना, कुणाला कुणाचं तोंड दिसत नसताना. मधल्या काळात तो झुरत होता का? नाही. अभ्यास करत होता, बॅडमिंटन खेळत होता, गणपतीत ढोल बडवत होता. त्याने स्वतःला पुरतं स्वीकारलं होतं आणि घरी सांगितलेलं नव्हतं. आपल्या पाठ्यपुस्तकात असा मुलगा बसत नाही.

उलटंही होतं. एका मुलीने चौदाव्या वर्षी सगळ्या वर्गाला, सगळ्या घराला सांगून टाकलं. आई उदार, मैत्रिणी चांगल्या, कुणी वाकडा शब्द काढला नाही. पण रात्री ती रडायची, कारण स्वतःला तिचं ते अजून पटलेलं नव्हतं आणि आता माघार घ्यायला जागा उरली नव्हती. मुलींचं आणखी एक आहे. मैत्रीण राहायला येते, दोघी एका खोलीत झोपतात आणि आई खूश, कारण मुलांचा नाद नाही. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक विजय तेंडुलकरांनी लिहिलं त्याला चार दशकं उलटून गेली, तरी आमच्या मुली घरात कुणाला दिसत नाहीत.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं बोलते आहे ती. एका शाळेत, नाव घेणार नाही, जागृती सप्ताह होता. हेतू उत्तम. झेंडे, केक, भाषणं. एका उत्साही शिक्षिकेला आमचा एक सोळा वर्षांचा मुलगा विश्वासाने बोलला होता. तिने त्याला सुचवलं, तू मंचावर बोल, लहान मुलांना बळ येईल. तो नाही म्हणू शकला नाही. चांगल्या मुलांना नाही म्हणता येत नाही, ही आपली शिकवण. तो बोलला, टाळ्या पडल्या, कुणीतरी चित्रफीत काढली. दुपारी तीनला मंचावर बोललेलं साडेपाचला इथल्या एका मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतं. त्याची आई वॉर्डात ड्यूटीवर होती. तिला मुलाकडून कळलं नाही. तिला हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बाईच्या 'काळजी घ्या हं' अशा निरोपातून कळलं. सहा वाजता ठाण्याहून मामाचा फोन. डिसेंबरच्या सुट्टीत मुलाला पुण्याला नेऊन डॉक्टरांना दाखवायचं ठरलं, तिकिटंही काढली. मी त्या आईबाबांना समोर बसवून सांगितलं की ज्या 'उपचारा'साठी तुम्ही निघालात त्याला भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. जो डॉक्टर तो देईल त्याची तक्रार मी करीन. तिकिटं रद्द झाली. ते घर पुन्हा बोलतं व्हायला खूप दिवस लागले. त्या मुलाने स्वतःच्या पद्धतीने आईला सांगायचं ठरवलं होतं, हे मला त्यानेच सांगितलं. तिचा वाढदिवस झाल्यावर, ती एकटी असताना. ती वेळ त्याच्याकडून काढून घेतली गेली, आणि काढून घेणारे सगळे त्याच्या बाजूचे होते.

आपल्यातले काहीजण विचारतात, अल्पवयीन मुलाने सांगितलं तर पालकांना कळवायला नको का? मुलाच्या जिवाला धोका असेल, कुणी त्याला इजा करत असेल, तर कायदा काय सांगतो ते मला पाठ आहे आणि मी तसं केलेलं आहे. पण मूल गे आहे हा धोका नव्हे. तेवढ्यासाठी मी कुणाच्या घरी फोन केला नाही, करणारही नाही. पालक चिडले आहेत माझ्यावर. एक गृहस्थ माझ्या खोलीत टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही दिवाळीत आमच्याकडे फराळ खाऊन गेलात!" होय. चकल्या उत्तम होत्या.

पालकांनी काय करावं हे मात्र मला विचारा. मुलांना कमी विचारा आणि त्यांच्या कानावर जास्त पडू द्या. टीव्हीवर काही आलं की घरातला शेरा मूल ऐकत असतं, आणि त्यावरूनच ते ठरवतं की इथे सांगायचं की नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ पासून समपथिक ट्रस्ट चालवला, मराठीत या विषयावर लिहिलं. ती पुस्तकं घरात दिसतील अशी ठेवा. चित्रा पालेकर यांच्यासारख्या आईने आपल्या मुलीसाठी ३७७ विरुद्ध भारताच्या सर्वोच्च न्यायालयात इतर पालकांबरोबर अर्ज केला, ही गोष्ट जेवताना सहज काढा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या त्या ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला, तेव्हा इथल्या किती मराठी घरांत त्यावर एक तरी वाक्य बोललं गेलं? मी मुलांना विचारलं आहे. उत्तर बहुतेक वेळा एकच : "नाही, त्या दिवशी आम्ही क्रिकेटबद्दल बोललो."

आता दिशा. पालकांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका काढावी असं मनात आहे. कोण लिहील, कोण छापील ते पुढच्या बैठकीत बघू. एक फोन क्रमांकही असावा, मराठीत बोलणारं माणूस संध्याकाळी त्यावर असावं. त्याचे पैसे कुठून आणायचे ते खजिनदारांनी सांगावं, ते मघापासून खाली बघत आहेत.

राहिला आज दुपारी संमेलनात मांडायचा ठराव. मसुदा मी वाचला. गे मुलांना पाठिंबा, शाळांशी संवाद, दादागिरीविरुद्ध पावलं, सगळं मान्य, सही करते. फक्त चौथ्या कलमात लिहिलं आहे की पुढच्या संमेलनात 'किशोरवयीन मुलामुलींनी आपला प्रवास सर्वांसमोर मांडावा यासाठी खास सत्र' ठेवावं. ते सत्र आपल्यासाठी आहे, मुलांसाठी नाही. ते कलम काढा. नाही काढलंत, तर इतिवृत्तात अध्यक्षांचं मत विरोधात नोंदवा, आणि चहा प्यायला चला.