घराची विक्री आणि दलालाचा करार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींस नवल वाटले असेल. ज्ञातीच्या संमेलनात शिक्षण, विवाह, वसतिगृह यांविषयी बोलावे. दलालीविषयी काय म्हणून? परंतु आपल्यातील बहुसंख्य कुटुंबांची जन्माची पुंजी घराच्या चार भिंतींतच असते. ते घर माणूस बहुधा आयुष्यात एकदाच विकतो. ज्याच्यामार्फत विकतो त्या दलालाचा मात्र तो रोजचा उद्योग असतो. एक बाजू सरावलेली आणि दुसरी अगदी नवखी, अशा व्यवहारात नवख्या बाजूस आधार एकच, तो म्हणजे आरंभीच केलेला लेखी करार.

हा करार आपण सहसा करीत नाही, याचे कारण आपल्या भिडस्त स्वभावात आहे. दलाल ओळखीचा असतो. मेहुण्यांचा स्नेही, गावाकडचा, कित्येकदा ज्ञातीतीलच. "आपल्या माणसाकडून कागद काय लिहून घ्यायचा?" असे म्हणून आपण गप्प बसतो. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. परक्याशी तंटा झाला तर ओळख तुटते. आपल्या माणसाशी झाला तर नाते तुटते, आणि पुढे लग्नकार्यात समोरासमोर येणेही नकोसे होते. म्हणून आपल्या माणसाशी तर कागद अगोदर व्हावा.

दलाली कोणत्या क्षणी देय होते, हा या व्यवहारातील पहिला प्रश्न. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या २१९ व्या कलमाचा आशय असा की, वेगळा करार नसल्यास प्रतिनिधीचे काम पुरे झाल्यावाचून त्याचा मोबदला देय होत नाही. पण काम पुरे झाले असे केव्हा समजावे? गिऱ्हाईक दारात आणले तेव्हा, इसार घेतला तेव्हा, की खरेदीखत नोंदले गेले तेव्हा? याचे उत्तर करारातील शब्द देतात.

या संबंधात एक प्रसिद्ध निवाडा सांगतो. १९४३ साली कलकत्त्यातील एका घरमालकाने दलालास पत्र दिले की, किमान १ लाख रुपये देणारे गिऱ्हाईक मिळवून दिल्यास ठरलेला मोबदला देऊ. दलालाने गिऱ्हाईक आणले. पुढे मालकाने दलालाचा अधिकार काढून घेतला आणि विक्री परभारे उरकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५० साली निकाल लागला. मालकाच्या वतीने विक्रीचा करार पक्का करण्याचा अधिकार त्या पत्राने दलालास मिळत नव्हता, असे न्यायालयाने ठरविले. परंतु गिऱ्हाईक मिळवून देण्याचे काम त्याने केले होते, म्हणून मोबदल्यावरील त्याचा हक्क मान्य केला. तात्पर्य, "गिऱ्हाईक मिळवून दिल्यास" आणि "खरेदीखताची नोंदणी होऊन पूर्ण रक्कम हाती आल्यास" या दोन शब्दयोजनांत लाखो रुपयांचे अंतर पडू शकते. विकणाऱ्याने दुसरी शब्दयोजना धरावी. आणि दलालाने आणलेल्या गिऱ्हाइकाशी त्यास वगळून व्यवहार करण्याचा मोह धरू नये. ते न्यायाचेही नाही व फायद्याचेही नाही.

आता दराविषयी. दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. तो बोलणीने ठरतो. मुंबई-पुण्याकडे विक्रीच्या व्यवहारात सामान्यतः शेकडा १ ते २ हा प्रघात आहे. घर ८० लाखांस गेले तर शेकडा २ प्रमाणे दलाली १,६०,००० रुपये होते. दलाल वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल तर तीवर शेकडा १८ प्रमाणे २८,८०० रुपये आणखी चढतात. नोंदणी नसलेल्यास हा कर लावता येत नाही. म्हणून "दर करासह की कराविना" हे आधीच लिहावे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. समजा, ८० लाखांचे घर ७६ लाखांस गेले. मालकाचे ४ लाख बुडाले. दलालाचे मात्र केवळ ८,००० रुपये कमी झाले. त्यामुळे व्यवहार लवकर उरकण्याकडे दलालाचा कल असणे स्वाभाविक आहे. त्यात तो दुष्ट ठरत नाही. पण "आता भाव पडणार, देऊन टाका" हा त्याचा सल्ला ऐकताना हे गणित मनात असावे. शिवाय पुष्कळदा तोच दलाल घेणाऱ्याकडूनही दलाली घेतो. ही प्रथा रूढ आहे, तथापि ती विकणाऱ्यास ठाऊक असली पाहिजे. प्रतिनिधीने मालकाच्या नकळत स्वतःचा व्यवहार साधला तर त्यातील लाभ मालकास मागता येतो, आणि कामात गैरवर्तन केले तर त्या भागाचा मोबदला त्यास मिळत नाही, असे करार कायद्याची २१६ व २२० ही कलमे सांगतात. "मला इतके द्या, वरचे तुमचे" हा सौदा तर आपण टाळावाच. त्यात घराची खरी किंमत काय आली, हे मालकास कधी कळतच नाही.

करारास मुदत असावी. तीन महिने पुरेत. काम एकाच दलालाकडे राहील की इतरांसही सांगता येईल, आणि मालकाने स्वतः गिऱ्हाईक शोधल्यास दलाली द्यावी लागेल काय, हे स्पष्ट करावे. मुदत ठरलेली असताना सबळ कारणावाचून मध्येच काम काढून घेतल्यास भरपाई द्यावी लागू शकते. मुदत संपताना दलालाने कोणाकोणास घर दाखविले त्यांची यादी सहीनिशी घ्यावी. पुढे त्यांतील कोणी परत आला तर तो कोणाचा, हा वाद राहत नाही. गिऱ्हाईक शोधण्यास मुखत्यारपत्र लागत नाही, म्हणून ते देऊ नये. मूळ कागद हाती ठेवून केवळ नकला द्याव्यात, आणि इसाराची रक्कम थेट आपल्या खात्यात घ्यावी.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने पुष्कळ शिस्त आणली आहे. नोंदणीकृत प्रकल्पातील घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्याने महारेराकडे नोंदणी केलीच पाहिजे, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची घरे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत आहेत. त्यांच्या पुनर्विक्रीस हे नोंदणीचे बंधन लागू होत नाही. तेथे आपला लेखी करार हेच आपले मुख्य संरक्षण.

शेवटी पावतीविषयी. दलाली धनादेशाने अथवा बँकेमार्फत द्यावी आणि पावती जपून ठेवावी. प्राप्तिकरासाठी भांडवली नफा मोजताना विक्रीसाठी दिलेली दलाली वजा करता येते. पुरावा नसेल तर ती सवलत हातची जाते.

कार्यकारी मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. वकील सभासदांकडून एका पानाचा मराठी नमुना-करार तयार करवून तो कचेरीत ठेवावा. ज्ञातीतील जे बंधू हा व्यवसाय सचोटीने करतात त्यांनीच तो प्रथम आपल्या गिऱ्हाइकापुढे ठेवावा. मग वृद्ध दांपत्यास किंवा एकट्या भगिनीस "कागद करू या" असे म्हणण्याची भीड उरणार नाही, आणि व्यवहार संपल्यावरही उभयतांचा स्नेह पूर्ववत राहील.